६१७४ : अभ्यासक्रमाबाहेरच्या गणिताचा आनंद

वसतिगृहातील मूल दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले की गणिताविषयी त्याला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : किती गुण पडले? हा प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरातील पहिलेच मूल दहावीपर्यंत पोहोचते आहे, त्या घराला गुणांचे मोल आम्ही शहाणपणाने समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु केवळ हाच प्रश्न वर्षानुवर्षे विचारला गेला, तर मुलाच्या मनात गणित म्हणजे ओलांडायचा एक घाट एवढीच प्रतिमा उरते. घाट ओलांडला की मागे वळून कोण पाहतो? आणि ज्याला तो ओलांडता आला नाही, तो आयुष्यभर ‘मला गणित येत नाही’ असे म्हणत राहतो.

या लेखात अशा गणिताविषयी बोलायचे आहे, की ज्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, ज्यासाठी महागडी पुस्तके लागत नाहीत, आणि जे पाचवीतील विद्यार्थ्याला वजाबाकीच्या बळावर करून पाहता येते. वाचकांनी एक कागद आणि पेन्सिल जवळ घेऊन हा लेख वाचावा, अशी विनंती आहे.

देवळालीचे गुरुजी

आपल्या नंदुरबारहून फार दूर नसलेल्या नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होऊन गेले. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते. आई लहानपणीच वारली. शालेय शिक्षण ठाण्यास, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थिदशेतच, १९२७ मध्ये, गणितातील स्वतंत्र कामासाठी असलेले रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीत शाळेत शिकवीत राहिले, आणि १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

एवढेच चरित्र असते, तर महाराष्ट्रातील हजारो निष्ठावान शिक्षकांपैकी ते एक ठरले असते. परंतु कापरेकर गुरुजींना अंकांचा छंद होता. छंद हा शब्दही अपुरा पडावा, इतके ते त्यात रमत. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणत. शाळा सुटल्यावर ते संख्यांशी खेळत : त्या उलट लिहीत, तोडत, जोडत, त्यांच्या अंकांची बेरीज करीत, आणि काय होते ते पाहत. सापडलेल्या गोष्टी ते लहान पुस्तिकांत स्वखर्चाने छापीत. देशातील अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी या कामाकडे ‘क्षुल्लक करमणूक’ म्हणून पाहिले. मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या प्रसिद्ध सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले, आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. तोवर निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे झाली होती.

त्यांच्या शोधांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे ती संख्या ६१७४. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. आज जगभर ती ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने ओळखली जाते.

करून पाहा

कृती अशी आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या करा, आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हीच कृती करा.

आपला नंदुरबार जिल्हा धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला ते वर्ष १९९८. तीच संख्या घेऊ.

९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वरच ही कृती केली तर ७६४१ − १४६७ = ६१७४. तीच संख्या पुन्हा येते. गाडी शेवटच्या स्थानकावर येऊन थांबली.

१९४२ घेऊ. त्या वर्षी नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा हाती घेऊन शाळकरी वयाचा शिरीषकुमार आणि त्याचे बालसहकारी हुतात्मा झाले.

९४२१ − १२४९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

या वेळी सहा पायऱ्या लागल्या, पण मुक्काम तोच. आता ज्या वर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, ते १९५६ हे वर्ष घ्या. ९६५१ − १५६९ = ८०८२. वाचकांच्या लक्षात आले असेल की हीच संख्या १९९८ च्या पहिल्या पायरीवरही आली होती! पुढचा रस्ता अर्थातच तोच : ८५३२ आणि मग ६१७४.

वाचकांनी स्वतःचे जन्मवर्ष, मोबाईल क्रमांकाचे शेवटचे चार अंक, बसच्या पाटीवरचे अंक, काहीही घ्यावे. मधल्या एखाद्या उत्तरात तीनच अंक आले तर पुढे शून्य लिहून चार करावेत. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येणार म्हणजे येणारच.

असे का होते?

येथे थांबलो तर हा जादूचा खेळ ठरेल. जत्रेतील जादूगार हातचलाखी लपवतो. गणित आपली हातचलाखी उघड करून दाखवते आणि तरीही आश्चर्य कमी होत नाही, उलट वाढते. तथागतांनी कालामांना केलेल्या उपदेशाचे मर्म आपण जाणतो : परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले, गुरूने म्हटले एवढ्यावरून काही मानू नये. गणिताच्या अंगणात हा नियम फार कसोशीने पाळला जातो. तेव्हा ६१७४ चे गुपितही कोणाच्या शब्दावर न मानता तपासून पाहू.

समजा संख्येचे अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ असे आहेत. मोठी संख्या होते १००० क + १०० ख + १० ग + घ. लहान संख्या होते १००० घ + १०० ग + १० ख + क. एकीतून दुसरी वजा केली की उरते :

९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग)

म्हणजे उत्तर काय येणार हे चार अंकांवर अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे : सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. १९९८ चे अंक ९, ९, ८, १. फरक ८ आणि १. १९५६ चे अंक ९, ६, ५, १. येथेही फरक ८ आणि १. म्हणून दोन्हींचे उत्तर ७९९२ + ९० म्हणजे ८०८२ आले. योगायोग वाटणाऱ्या गोष्टीमागे कारण असते, याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

आता दोन फरकांच्या किती जोड्या संभवतात ते मोजू. बाहेरचा फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो, आणि आतला फरक बाहेरच्याहून मोठा असू शकत नाही. बाहेरचा फरक १ असेल तर आतला ० किंवा १, अशा दोन जोड्या. बाहेरचा २ असेल तर तीन. असे करत बाहेरचा ९ असेल तर दहा. २ + ३ + ४ + … + १० = ५४. ०००० ते ९९९९ या दहा हजार मांडण्यांतून सारख्या अंकांच्या दहा वगळल्या तर ९९९० उरतात. या ९९९० संख्यांची गर्दी पहिल्याच पायरीला केवळ ५४ संख्यांत गोळा होते. जणू सातपुड्याच्या उतारांवरचे असंख्य ओहोळ थोड्याशा नद्यांत येऊन मिळावेत आणि त्या नद्या पुढे तापीला. या ५४ संख्या एकेक करून तपासल्या की सिद्धता पूर्ण होते. चार विद्यार्थ्यांनी वाटून घेतले तर एका रविवारच्या दुपारी हे काम उरकते.

ज्यांना ५४ संख्या जास्त वाटतात, त्यांच्यासाठी तीन अंकी संख्यांची गोष्ट आहे. तीन अंक घेऊन हीच कृती केली तर उत्तर येते ९९ × (मोठा अंक − लहान अंक). मधला अंक बिचारा वजाबाकीत नाहीसाच होतो. फरक १ ते ९. म्हणून संभाव्य उत्तरे नऊच : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. आता पाहा :

०९९ पासून ८९१, त्यापासून ७९२, त्यापासून ६९३, त्यापासून ५९४, त्यापासून ४९५.

१९८ मध्ये ८९१ चेच अंक आहेत, २९७ मध्ये ६९३ कडे नेणाऱ्या ७९२ चेच अंक आहेत असे कोणी घाईने म्हणेल, पण ताडून पाहणे बरे : १९८ पासून ९८१ − १८९ = ७९२; २९७ पासून ९७२ − २७९ = ६९३; ३९६ पासून ९६३ − ३६९ = ५९४. आणि ४९५ पासून ९५४ − ४५९ = ४९५. नऊच्या नऊ वाटा ४९५ ला येऊन मिळाल्या. ही अर्धी झलक नव्हे, संपूर्ण सिद्धता आहे. जगातील कोणताही गणितज्ञ यात आणखी काही मिळवू शकणार नाही, आणि सहावीतील मुलगी ती फळ्यावर उभी राहून मांडू शकते.

मग दोन अंकी संख्यांचे काय? तेथे गाडी थांबतच नाही : ०९ पासून ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असे चक्र अखंड फिरत राहते. पाच अंकी संख्यांतही एक मुक्काम नाही. उदाहरणार्थ ५३९५५ पासून ५९९९४ येते आणि ५९९९४ पासून पुन्हा ५३९५५. तीन आणि चार अंकांना घर आहे, दोन आणि पाच अंकांना नाही. असा भेद दिसला की ‘सहा अंकांचे काय?’ हा प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारतो. त्या क्षणी तो अभ्यासक्रमाच्या कुंपणाबाहेर पडलेला असतो, आणि त्याला तसे कोणी सांगावेही लागत नाही.

गावाच्या नावाच्या संख्या

कापरेकरांनी आपल्या शोधांना दिलेली नावेही गोड आहेत. मुंबईजवळच्या डोंबिवली स्थानकाला त्या काळी ‘डेमलो’ म्हणत. तेथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो संख्या’ म्हटले. त्यांतील सुंदर नमुना असा : ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा जिना असाच चढत आणि उतरत जातो.

ज्या गावाने पोटाला भाकर दिली त्या देवळालीच्या नावे त्यांनी ‘देवळाली संख्या’ ठेवल्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ पासून १५ + ६ = २१ जन्मते. म्हणजे २१ ची ‘जननी’ १५. काही संख्यांना दोन जननी असतात : ९१ + १० = १०१ आणि १०० + १ = १०१. आणि काहींना एकही नसते. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या अशा स्वयंभू संख्या आहेत. ९ पासून ९७ पर्यंत त्या अकरा-अकराच्या अंतराने येतात. पुढची १०८, येथपर्यंत नियम टिकतो. त्यापुढची मात्र ११९ नसून ११० आहे! नियम सापडला असे वाटत असतानाच तो मोडतो, आणि का मोडला हे शोधणे हाच पुढचा धडा ठरतो.

तिसरे नाव ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, ती हर्षद. १९९८ च्या अंकांची बेरीज २७, आणि १९९८ ÷ २७ = ७४. आपल्या जिल्ह्याचे जन्मवर्ष हर्षद आहे, हे वाचून नंदुरबारकरांनी आनंद मानायला हरकत नाही. ६१७४ सुद्धा हर्षद आहे : अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, आणि ३४३ म्हणजे ७ × ७ × ७.

चौथा प्रकार कापरेकरांच्याच नावाने ओळखला जातो. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज ४५. ५५ चा वर्ग ३०२५; ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९; ४९४ + २०९ = ७०३. या संख्या त्यांनी संगणकाविना, कागद-पेन्सिलीने शोधल्या.

खानदेशातील जुनी पाऊलवाट

गणिताचे हे वेड आपल्या प्रदेशाला परके नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. ‘लीलावती’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केल्याची, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिल्याची नोंद त्यात आहे. त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशात गणित आणि ज्योतिष शिकण्यासाठी एक स्थान उभे राहिले होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र विद्येची दारे त्या काळी समाजातील फार थोड्यांना उघडी होती, हेही त्याच श्वासात म्हटले पाहिजे. सातपुड्याच्या पाड्यावरचे किंवा गावकुसाबाहेरचे मूल त्या ग्रंथांपर्यंत पोहोचण्याचा संभव नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा उघडली, बाबासाहेबांनी वसतिगृहे आणि महाविद्यालये उभी केली, तेव्हा कोठे ही दारे हलली. आपल्या निवासी शाळेचा वंशवृक्ष पाहायचा तर तो या दुसऱ्या परंपरेत आहे. आणि पहिल्या परंपरेतील ज्ञानावरही आता आपल्या मुलांचा तितकाच हक्क आहे.

बौद्ध वाङ्मयातही संख्यांविषयीचे कुतूहल दिसते. ‘ललितविस्तर’ या संस्कृत ग्रंथात अर्जुन नावाचा गणिती तरुण सिद्धार्थाची परीक्षा घेतो. कोटीच्या पुढे शंभर-शंभर पटींनी वाढत जाणाऱ्या संख्यांची नावे सिद्धार्थ सांगत जातो : शंभर कोटी म्हणजे अयुत, शंभर अयुत म्हणजे नियुत, असे करत ‘तल्लक्षण’ या संख्येपर्यंत. कोटीपासून तेवीस पायऱ्या चढल्यावर येणारी ही संख्या म्हणजे एकावर ५३ शून्ये. एवढ्या मोठ्या संख्येची व्यवहारात कोणालाच गरज नव्हती. तरीही तिला नाव देण्याचा आनंद कोणाला तरी वाटला, हे महत्त्वाचे.

ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही

पाठ्यपुस्तकातील प्रत्येक उदाहरणाचे उत्तर शेवटच्या पानावर असते. त्यामुळे गणितातील सर्व काही पूर्वीच कोणी शोधून ठेवले आहे, असा मुलांचा समज होतो. त्यावर एक उतारा आहे. कोणतीही संख्या घ्या. ती सम असेल तर निम्मी करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. असेच पुढे करत राहा. ७ पासून निघालो तर ७, २२, ११, ३४, १७, ५२, २६, १३, ४०, २०, १०, ५, १६, ८, ४, २, १. शेवटी एक येतो. २७ पासून निघालो तर ९२३२ एवढ्या उंचीवर जाऊन तब्बल १११ पायऱ्यांनी एकावर उतरतो. प्रत्येक संख्या शेवटी एकावर येते का? जर्मन गणितज्ञ लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर आजवर कोणीही सिद्ध करू शकलेले नाही. संगणकांनी प्रचंड मोठ्या संख्यांपर्यंत तपासले, प्रत्येक वेळी एकच आला. परंतु तपासणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे.

कापरेकरांच्या कृतीत आपण ५४ संख्या तपासून मोकळे झालो, कारण चार अंकी संख्यांना मर्यादा आहे. येथे संख्या संपतच नाहीत, म्हणून तपासणीही संपत नाही. हा भेद ज्या मुलाला कळला, त्याला सिद्धता म्हणजे काय हे कळले.

आपल्या मुलांसाठी याचे मोल

नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाला आणखी एक बाजू आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा येथून निवासी शाळेत येणाऱ्या कित्येक मुलांची घरची बोली पावरी, भिलोरी, मावची किंवा अहिराणी असते. शाळेतील मराठी ही त्यांची दुसरी भाषा. इतिहास, विज्ञान, मराठी या विषयांत त्यांना आधी भाषेची नदी पोहून जावे लागते आणि मग विषय हाती येतो. ७६४१ − १४६७ ला मात्र बोली नाही. म्हणजे ज्या विषयात ही मुले सर्वांच्या बरोबरीने उभी राहू शकतात तो गणित. आणि तीच मुले सर्वाधिक भितात तो विषयही गणितच. कारण वर्गातील गणित लांबलचक शाब्दिक उदाहरणांतून आणि पाठ केलेल्या शब्दांतून येते.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘बासष्ट’बरोबर ‘साठ दोन’ असे संख्यावाचन सुचवले, तेव्हा राज्यात मोठा वाद झाला. भाषेची बाजू तेव्हा पुष्कळांनी मांडली. पण ज्याने घरी ‘बासष्ट’ कधी ऐकले नाही, त्या पाड्यावरच्या मुलाला दोनाचा अंक आधी उच्चारून नंतर लिहावा लागतो, ही अडचण खरी आहे. ती समजून घेणारा शिक्षक मुलाच्या चुकीला मंदपणा म्हणणार नाही.

शिवाय गणित घरी नसतेच असे नाही. जुन्या पिढीतील अनेक माणसे विसाच्या हिशेबाने मोजत : तीन विसा आणि पाच म्हणजे पासष्ट. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मराठी मुलखात तोंडपाठ असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. नंदुरबारच्या मिरची बाजारात ओल्या मालाचा वाळून किती उरेल याचा अंदाज बांधणारी माणसे कागद न घेता टक्केवारीच मांडत असतात. आठवड्याच्या बाजाराला जाणारी आजी मुलाला हे शिकवू शकते, जर आपण तिला ‘अडाणी’ म्हणून बाजूला बसवले नाही तर.

काय करता येईल?

यासाठी वेगळे अनुदान किंवा प्रयोगशाळा लागत नाही. वसतिगृहाच्या व्हरांड्यात एक फळा टांगावा. त्यावर आठवड्याला एक प्रश्न लिहावा आणि उत्तर लिहिण्याची घाई करू नये. प्रत्येक मुलाची एक ‘प्रश्नवही’ असावी, जिच्यात गुण दिले जाणार नाहीत. चिंचोके घेऊन लहान मुलांनी चौरस मांडावेत : एक चिंचोका, त्याभोवती काटकोनात तीन, मग पाच, मग सात. १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६. विषम संख्यांची ओळीने बेरीज केली की दर वेळी चौरसच का होतो, हे चिंचोके स्वतःच सांगतात. सूत्र नंतर आले तरी चालते.

पालकांनी एवढेच करावे : ‘किती गुण पडले?’ याच्या जोडीला ‘या वेळी काय नवे सापडले?’ हेही विचारावे. मुलाने सांगितलेले कळले नाही तरी ऐकावे. ज्या मुलाचे कोणी ऐकते, ते मूल शोधत राहते. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी बँकेत, कोणी महसूल खात्यात, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी आहे. वर्षातून एक संध्याकाळ येऊन आपल्या कामातील एखादे कोडे मुलांपुढे ठेवणे कोणालाही अवघड नाही.

अभ्यासक्रम आणि परीक्षा टाकून द्या, असे कोणी समजू नये. आमच्या मुलांना दहावीचे गणित उत्तीर्ण व्हायचे आहे, पुढे तंत्रशिक्षणाला, वैद्यकीय शिक्षणाला, प्रशासनात जायचे आहे. पण ६१७४ साठी ज्याने शंभर वजाबाक्या आनंदाने केल्या, त्याची वजाबाकी परीक्षेत चुकत नाही, आणि ज्याने एकदा स्वतः सिद्धता मांडली त्याला भूमितीतील प्रमेय पाठ करावे लागत नाही. आनंद आणि अभ्यास यांचे वैर नाही.

कापरेकर गुरुजींकडे मोठी पदवी नव्हती, मोठे पद नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. एक शाळा होती, मुले होती आणि मोकळा वेळ होता. आपल्या शाळेतही या तिन्ही गोष्टी आहेत. जगाच्या गणितात देवळालीचे नाव एका शिक्षकाच्या कुतूहलाने कोरले गेले. तोरणमाळच्या, धडगावच्या, नवापूरच्या नावाची एखादी संख्या अजून कोणी शोधलेली नाही. ती जागा रिकामी आहे.